राबाच्या वाटेचे दुसरे वळण

लिहून ठेवणार: चंद्रावती हिरू घरत, वय ५८, अविवाहित, नोकरीतून निवृत्त, राहणार सध्या टेपवाडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड.

हे मी माझ्या हाताने, माझ्या घरात, कोणी समोर बसलेले नसताना लिहीत आहे. डॉ. सुजय यांनी मला तपासून दाखला दिला आहे की माझी बुद्धी शाबूत आहे. हाडे ठिसूळ झाली आहेत आणि सायकल बंद करावी, असेही त्यांनी त्याच कागदावर लिहिले आहे. त्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. सुरू दोनदा केले होते. दोन्ही वेळा कायमच्या पत्त्याशी थांबले. या वेळी 'सध्या' लिहून पुढे जात आहे.

कलम १. मी कोण हे वाचणाऱ्याला माहीत असावे म्हणून.

माझा जन्म पेण तालुक्यात खाडीकाठी. वडील मिठागरात कामाला. आमच्या गावात सर्वांत उंच जागा म्हणजे खारे पाणी अडवणारा बांध. त्यावर चढले की चारही बाजूंना सपाट, आणि पूर्वेला लांब डोंगर. बांधावर मी वडिलांची सायकल चालवली म्हणून माझा धाकटा भाऊ नाथा याने घरी चहाडी केली. सायकलीने बांध खचतो, असे त्याचे म्हणणे. बांध खचला नाही. माझी सायकल मात्र बंद झाली, आणि नाथाची सुरू झाली. हे मी विसरलेले नाही, एवढेच इथे नोंदवते.

पुढे रोह्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. चाळिशी उलटल्यावर डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायर, पुढच्या चाकाला स्प्रिंग. तेव्हापासून मी कुठे राहायचे हे त्या सायकलीने ठरवले. नाथा म्हणायचा, "लोक घर बघताना पाणी बघतात, शेजार बघतात. तू उतार बघतेस. म्हातारपणी उतारावर काय करशील गो?"

"उतरेन," मी म्हटले.

कलम २. मी सोडलेली घरे. यातले कोणतेही माझ्या नावावर नाही, तरी कोणी शोधत बसू नये म्हणून लिहिते.

पेणला गणपतीच्या कारखान्यामागे खोली होती. मालकीण काशीबाई मूर्तींचे डोळे रंगवायच्या. पावसात मी चिखलाची सायकल घेऊन अंगणात शिरले की ब्रश थांबवून म्हणायच्या, "चंद्रे, तुझी माती आणि माझी माती एका अंगणात नको गो. देवाच्या अंगावर शिंतोडे उडतात." डोंगराच्या पायथ्याशी बंगला झाला, वाटेवर फाटक बसले, आणि मी खोली सोडली. काशीबाईंना वाटले मी रागावले. मी रागावले नव्हते.

निडीला स्टेशनजवळ राहिले. तिथे डोंगरावर गुरांची वाट होती. गुरांच्या वाटेला घाई असते. ती सरळ खाली येते आणि पावसाचे पाणी तिची घळ करते. तिथे मी सायकलीवर कमी आणि सायकलीशेजारी जास्त असायची.

मग सगळ्यांचे ऐकून वरशाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. दवाखाना जवळ, बाजार जवळ, एसटी जवळ. शेजारी माझी कंपनीतली मैत्रीण सुरभी. जिन्यातून सायकल वर नेताना भिंतीला टायर लागायचा आणि सोसायटीचे लोक चॉक घेऊन त्या डागांना गोल करून ठेवायचे. तिथे मला झोप येत नसे. खिडकीतून डोंगर दिसायचा. बांधावरून दिसायचा तेवढाच लांब.

कलम ३. टेपवाडीचे घर व अंगण. हे माझे स्वकष्टार्जित आहे.

हे घर मी घेतले ते राबाच्या वाटेसाठी. इथले लोक अजून राब भाजतात. भाताची रोपे जिथे करायची तिथे पाला, शेण, गवत पसरून वर माती देतात आणि उन्हाळ्यात जाळतात. त्यासाठी हिवाळ्यात डोंगरावरून पाल्याच्या फांद्यांचे भारे डोक्यावरून आणतात. डोक्यावर भारा असलेली बाई सरळ उतरत नाही. ती वळणे घेते, घसरडी जागा टाळते, पाऊल बसेल अशीच जागा धरते. अशा वाटेवर सायकल हात सोडल्यासारखी खाली येते. सगळीकडे हिंडून मला एवढे कळले: जिथे भारे उतरतात तिथे राहावे. जिथे लोकांनी राब सोडला, तिथे वाट दोन पावसांत घाणेरीच्या झुडपांत जाते.

वाट माझ्या अंगणातून जाते. प्लॉटवाले येतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढी वाट बंद करून कंपाऊंड घाला, मग बघा." मी बघितलेले आहे. पेणला.

घर व अंगण माझा भाचा ऋत्विक नाथा घरत यास द्यावे. अट एकच: अंगणातली वाट उघडी ठेवावी. कुंपण घातल्यास घर पूजाकडे जाईल. पूजा ही माझी शेजारीण शांती हिची सून. तिने ते मागितलेले नाही.

कलम ४. सायकल.

सायकल पूजाला द्यावी. गेल्या वर्षी ती गाऊनमध्येच सायकलीवर बसून वरच्या उतारावरून दोन्ही पाय घासत खाली आली आणि करवंदीच्या जाळीत थांबली. म्हणाली, "मावशी, ब्रेक सापडलाच नाही." मग हातातले काटे काढत म्हणाली, "परत एकदा जाऊ?" शांतीने खालून विचारले, "सुनेला मारतेस का गो माझ्या?" सायकल भिंतीवर टांगू नये, हार घालू नये. मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो हे पूजाला सांगावे.

कलम ५. खाडीकाठची वडिलोपार्जित जमीन.

माझा हिस्सा नाथाला. बांधासकट.

कलम ६. पहार, आणि ती कशी आली.

पहार ऋत्विकची आहे. माझ्या पडवीत राहिली आहे. ती त्याला परत द्यावी, पण का राहिली ते त्याला आणि इतरांना माहीत असू द्यावे.

वाटेच्या दुसऱ्या वळणावर छातीएवढा उंच दगड होता. त्या दगडाला हँडल लागून मी पडले आणि मनगट मोडले. मी फोनवर दगडाला शिव्या दिल्या. नाथाने ते मनावर घेतले. दिवाळीला ऋत्विक दोन मित्रांना घेऊन आला. डोलवीच्या कारखान्यात शिफ्ट करून थेट आला होता, डोळे लाल. मी रोह्याला बाजारात गेले होते. मी परत येईपर्यंत त्यांनी पहारीने दगड उपटून घळीत लोटला होता. दगडाचे दोन तुकडे झाले.

"आत्या, आता सरळ ये खाली," ऋत्विक म्हणाला. त्याचे तळहात सोलले होते. मी त्याला हळद लावली. मला बरे वाटले होते.

त्या हिवाळ्यात माझ्या अंगणातून एकही भारा गेला नाही. बायका ओढ्यापलीकडच्या लांबच्या वाटेने जाऊ लागल्या. मला वाटले मी कोणाला दुखावले. शांतीला विचारले.

"दगड कुठे हाय?" ती म्हणाली. "भारा टेकायचा कुठे? तुझ्या डोक्यावर?"

तेव्हा समजले. चढउतारात मान अवघडते. भारा जमिनीवर टाकला तर एकटीला तो पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, उचलून द्यायला दुसरे माणूस लागते. छातीएवढ्या दगडावर भारा मागून सरकवता येतो, दम खाता येतो, आणि चुंबळ सावरून पुन्हा डोक्यावर ओढून घेता येतो. त्या दगडासाठी ती वाट होती. वळणही त्याच्यासाठीच होते.

पावसाळ्यानंतर वरचा अर्धा भाग घाणेरीने घेतला. मी कोयता घेऊन रोज जात होते. एका बाईच्या कोयत्याने वाट राहत नाही. ऋत्विकला कोणी बोल लावू नये. त्याने माझ्यासाठी केले.

येथवर लिहून मी कागद ठेवून दिला आणि पालीकडे एक घर बघून आले. ट्रंक मी टेपवाडीतही पूर्ण उघडलेली नाही, त्यामुळे निघायला वेळ लागत नाही. पालीच्या घरामागे उतार चांगला आहे. लाल माती, मोठी वळणे. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या सायकलवाल्यांनी ती वाट केली आहे. तिच्यावर टायरच्या खुणा होत्या, पावलांच्या नव्हत्या. मालक चांगला वाटला. त्याला रविवारपर्यंत कळवते म्हटले. परतताना एसटीत मी त्या घरात सायकल कुठे ठेवायची हे ठरवत होते, आणि शांतीला काय सांगायचे तेही ठरवत होते. पहिले ठरले.

कलम ७. दगडाबाबत.

[माझ्या मृत्यूनंतर माझ्या घराची पुढची पायरी, जी एकसंध काळ्या दगडाची आहे, ती काढून राबाच्या वाटेच्या दुसऱ्या वळणावर उभी करावी. माझे नाव त्यावर घालू नये.]

वरील कलम मी रद्द केले आहे. कारण असे. लिहून झाल्यावर मी ते शांतीला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे तू मरस्तोवर आम्ही भारा डोक्यावर धरून उभ्या राहू?" ती म्हणाली.

मी म्हटले, मृत्युपत्र मेल्यावरच चालते.

"मग हे त्यात कशाला घातलंस? पायरी आज हाय ना?"

तिचा नवरा केरू आतून ओरडला, "पायरी काढलीस तर घरात चढशील कशी? हाडं मोडलीत ना तुझी?"

"तिला चढायचं नसतं," शांती म्हणाली. "तिला उतरायचं असतं."

ऋत्विकला फोन केला. तो रात्रपाळी करून आला. त्याच्याच पहारीने पायरी निघाली. केरूने खड्डा घेतला, वळणाच्या वरच्या अंगाला, म्हणजे सायकलीला जागा राहील. उंची ठरवायला शांतीला उभे केले. ती ताठ उभी राहून म्हणाली, "मला बघून ठरवा, हिला बघून नको, ही उंटासारखी हाय." ऋत्विक हसला, पण त्याने माझ्याकडे बघितले नाही. नाथा सोबत आला होता. तो सगळा वेळ काठी टेकून उभा होता. शेवटी मातीवर पाय दाबत म्हणाला, "घट्ट बसला पायजे. खचला नाय पायजे." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गावी चल गो आता. खोली सारवून ठेवली हाय." मी पहार उचलून पडवीत नेऊन ठेवली.

बायका या वाटेने परत येतील का, हे मी शांतीला विचारले. "बघू," ती म्हणाली. "पलीकडची वाट आता पायाला सवयीची झाली."

घरात चढायला मी सध्या लाकडी खोका ठेवला आहे. माझ्यामागे तोही ऋत्विकचा.

कलम ८. बँकेतील रक्कम व दागिने ऋत्विकची बहीण किमया हिला. त्यातून तिने घर घेऊ नये, आधी हिंडावे. तिच्यासाठी स्थळे बघणे चालू आहे. सगळे मुलाची नोकरी विचारतात. तिने गावही विचारावे, आणि गाव नको असेल तर नाही म्हणावे.

कलम ९. माझे शरीर जिथे पडेल त्याच गावी जाळावे. खाडीवर नेऊ नये. सपाट जागा मी पुरेशी पाहिली आहे. मी सायकलीवरून पडून मेले तर 'सांगत होतो' हे वाक्य नाथाने एकदाच म्हणावे.

कलम १०. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सुरभीने करावे. वरशाला असताना भिंतीवरचे टायरचे डाग ती गुपचूप पुसत असे. हे मला ती जागा सोडल्यावर कळले.

शेवटचे.

आज रविवार. सह्यांसाठी डॉ. सुजय आणि सुरभी घरी यायचे होते. मी सकाळपासून घरात बसू शकले नाही. कोयता घेऊन वर गेले. उजाडल्यापासून घाणेरी तोडत होते आणि वर कान देऊन होते. वाटेवर कोणी नव्हते. पालीच्या मालकाचा फोन आला, तो मी उचलला नाही. डॉक्टर आणि सुरभी मला शोधत दुसऱ्या वळणापर्यंत चढून आले. डॉक्टरांनी माझ्या हातातला कोयता बघितला आणि काढून घेतला. आम्ही कागद नव्या दगडावर ठेवला. हे शेवटचे मी तिथेच उभी राहून लिहीत आहे.

वरून पाला खरडल्याचा आवाज येत आहे. पुढे शांती, तिच्यामागे पूजा, आणखी दोघी. डोक्यावर भारे आहेत म्हणून तोंडे दिसत नाहीत. शांती ओरडते आहे, "चंद्रे, दगड सोड! तुझं काय ते नंतर लिही, मान मोडली माझी!"

मी डॉक्टरांच्या फोनवरून पालीला नाही म्हणून कळवले. माझा फोन वर, घाणेरी तोडत होते तिथे राहिला होता. नंबर पाठ होता.

दुरुस्ती: पहिल्या पानावरील 'सध्या' हा शब्द मी खोडला असून शेजारी सही केली आहे. कलम ७ मधील तोच शब्द खोक्यापुरता आहे, तो तसाच ठेवावा.

माझी सही घाईत झाली आहे, पण माझीच आहे.

(सही) चंद्रावती हिरू घरत

साक्षीदार: आम्हा दोघांसमोर चंद्रावती यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही. आमच्या सह्या एकमेकांच्या पाठीवर कागद धरून केल्या आहेत, कारण दगडावर भारा आला होता.

१. (सही) डॉ. सुजय, रोहा
२. (सही) सुरभी, वरसे

ठिकाण: टेपवाडी, राबाच्या वाटेचे दुसरे वळण
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५