इमॅन्सिपेट म्हणजे काय

घाटकोपर, रविवार, जानेवारी १९८४

संध्याकाळी गच्चीवर बाबांनी विचारलं, "विहारात पाहुणे भाषणात सारखे इमॅन्सिपेट म्हणत होते. म्हणजे काय गं?"

मी घरातून डिक्शनरी आणली. मुक्त करणं. मूळ लॅटिन, अर्थ हातातून सोडणं. रोममध्ये मुलं बापाच्या हातात असत, तोच त्यांना मोकळं करी. हातातून! माहुलच्या रिफायनरीकडचं आकाश नारिंगी झालं होतं आणि मला उगाचच तरंगल्यासारखं वाटत होतं. एका शब्दानं असं का व्हावं?

"म्हणजे बापानंच सोडायचं?"

"हो, बाबा."

माझ्या नागपूरच्या नोकरीला ते महिनाभर नाही म्हणत होते. हातातून... शब्द आत घुमत राहिला.

"तिकडं थंडी फार," शेवटी ते म्हणाले. "माझा स्वेटर घेऊन जा."