दार लावून विचारलेला प्रश्न

गुरुजी, सावेडीत मुलाच्या घरी दुपारी डोळा लागला की अजून तुमचा वर्ग दिसतो. नगरच्या पोलीस लाईनीतली ती पत्र्याची लांब खोली, बाहेर कडुनिंब, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेले आम्ही नवे शिपाई. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. निम्म्यांना धड वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही कायद्याची कलमं तोंडपाठ करून घ्यायचात. मला शाळेपासून कवितेचं वेड. तुम्ही म्हणालात, ‘मग बस ओव्या जुळवीत.’ ‘पोलिसापुढली कबुली, कोर्टात नाही चालली’ ही माझीच. बायका जात्यावर म्हणतात त्या चालीवर मिशाळ गडी ती घोळवायचे आणि तुम्ही पट्टीनं ठेका धरायचात.

मग लुटुपुटूचा खटला. मी अंगानं किरकोळ, म्हणून आरोपी नेहमी मीच. मॅजिस्ट्रेट तुम्ही. कबुलीजबाब लिहून घेण्याआधी सगळ्या शिपायांना बाहेर काढायचात, दार लावायचात आणि विचारायचात, ‘पोलिसांनी मारलं का रे तुला?’ ‘व्हय साहेब, लई मारलं!’ मी छाती काढून ओरडायचो. बाहेर हशा. एकदा तुम्ही दार उघडून कडाडलात, ‘हसता काय? गरिबाला सबंध कायद्यात बोलायला एवढीच जागा आहे.’

पुढं माझी नेमणूक सोनईकडं झाली. घोडेगावच्या बैलबाजारातून खोंड चोरल्याच्या संशयावरून एकाला चौकीत आणलं आणि जमादारांनी त्याचे तळवे सुजवले. मी धीर करून म्हणालो, ‘जमादार, अशी कबुली कोर्टात चालत नाही.’

‘मंग मॅजिस्ट्रेटपुढं देईल की! तू आपली ओवी म्हन, कवी.’

सांजेला त्याला पाणी देताना मी हळूच सांगितलं, ‘उद्या नेवाशाला साहेब आम्हाला बाहेर काढतील, दार लावतील. तेव्हा खरं सांग. कायदाच आहे तसा.’ त्यानं तांब्या खाली ठेवला. ‘आन त्येच्यानंतर मला कुठं नेत्याल?’

गुरुजी, मी सगळ्या ओव्या आठवून पाहिल्या. याच्यावर एकही नव्हती. ‘हितंच,’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळं तुम्ही शिकवलंत तस्संच झालं. साहेब भला माणूस. आम्ही व्हरांड्यात, दार बंद, वरची झडप तेवढी उघडी. प्रश्न येतो. मी झडपेखाली उभा, शेजारी जमादार विडी शिलगावताहेत. आतून आवाज येतो, ‘न्हाई साहेब. कुनी बोट बी लावलं न्हाई.’ जमादारांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर तो लंगडत माझ्या बाजूला आला. ‘तुमी चांगलंच सांगितलं हुतं, दादा. पर तुमी पडला एकलं.’ त्याला शिक्षा झाली. खोंड खरंच त्यानं चोरला होता का, ते मला आजही माहीत नाही.

त्याच्या त्या प्रश्नाला काय सांगायचं, हे तुम्हाला विचारायला यायचं होतं, तोवर तुम्ही गेल्याचं कळलं. आता हा कागद कुठल्या पेटीत टाकू? उशीखालीच राहील. पण एक सांगून टाकतो. वर्गात मी ‘मारलं’ म्हणून ओरडायचो ना, त्यात धीटपणा काडीचा नव्हता. दार उघडलं की त्याच शिपायांच्या पंगतीला बसून पिठलं-भाकरी खायची आहे, हे मला ठाऊक असायचं.