सरासरी अकरा

प्रिय ग्रेटा,

फोनवर तू विचारतेस, "बाबा, बरा आहेस ना?" मी म्हणतो, "मजेत." मग इथं मिझुलात बर्फ किती, तुमच्या स्पोकॅनला किती, एवढं होईपर्यंत नातवाच्या, एमेटच्या अंघोळीची वेळ होते. तीस वर्षं लोकांच्या घरातली हवा तपासणाऱ्या माणसानं लेकीशीही हवामानावरच बोलावं, कमाल आहे! पत्रात तुला मध्येच फोन ठेवता येणार नाही, म्हणून लिहितोय.

काम चालू आहे. मागच्या महिन्यात मिसेस हॅगर्टीनं बोलावलं होतं. घरात विष आहे, डोकं दुखतं, म्हणाली. मी हवेतली धूळ आणि धूर मोजणारं एक यंत्र बैठकीत ठेवलं, एक बाहेर अंगणात, आणि नेहमीसारखं बजावलं की रोज राहता तसंच राहा. ऐकतंय कोण! पाहुणा आला म्हणून बाईनं बेकन परतायला घेतलं. तव्यातून धूर निघाला आणि आकडा धडाधड चढला. "बघ! म्हटलं नव्हतं?" ती ओरडली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या विषाचे दोन तुकडे मी आत्ताच खाल्ले." आकडा खोटं बोलत नाही, पण तो कधीचा, आणि त्या वेळी घरात कोण काय करत होतं, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. हे ऐकवून मी लहानपणी तुझे कान किटवलेत.

गेल्या आठवड्यात यंत्र तपासायला म्हणून चार दिवस आपल्याच घरात ठेवलं. माणसं चालली, गाद्या झटकल्या, की जाड धूळ उडते आणि आलेखात उंचवटे दिसतात. ऑफिसातल्या लोरेटानं कागद पाहिला. घर कुणाचं हे तिला माहीत नव्हतं. "रिकामं घर दिसतंय. मालक गावाला गेलाय का?" म्हणाली. मी "हो" म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो. त्या चारही दिवसांत मी घरीच होतो, ग्रेटा. खुर्चीतून उठण्यासारखं काही घडलंच नाही.

तुम्ही दोघं इथं राहत होतात तेव्हाचे, मागच्या जानेवारीचे कागद काढून शेजारी ठेवले. त्यात दुपारी साडेतीनला जाड धुळीचा उंचवटा आहे, रोज. एमेट शाळेतून येऊन सोफ्यावरून उड्या मारायचा. मी ओरडायचो त्याला, तुला आठवत असेल. आता मला तो आवाज हवाहवासा वाटतो.

त्याच जानेवारीत त्याचा श्वास अडकला आणि तीन दिवस तो दवाखान्यात होता. तू व्हरांड्यात चोरून सिगारेट ओढायचीस. तोंडाला लावलेल्या नळकांड्यातून श्वासाचं औषध घेणाऱ्या त्या पोराकडे बघत तू म्हणालीस, "हे माझ्यामुळे झालं, बाबा." पंधरा दिवसांत सामान बांधलंस आणि त्याला घेऊन स्पोकॅनला निघालीस. तुझ्याच बापाच्या घरात तुला तोंड दाखवायला लाज वाटत होती. मी पाठीवर हात ठेवला आणि तुझ्या बॅगा गाडीत नेऊन ठेवल्या.

त्या आजारपणाच्या आठवडाभर आधी तू विचारलं होतंस, "बाबा, इथली हवा एमेटला चालेल ना?" मी यंत्रं मांडली आणि तुला एकच आकडा दाखवला: दिवसाची सरासरी अकरा. सरकारी मर्यादा पस्तीस. तू निश्चिंत झालीस. दर मिनिटाचे आकडे मी दाखवले नाहीत. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, घर गरम ठेवणाऱ्या बैठकीतल्या चुलीचं दार उघडून मी लाकडं भरायचो तेव्हा, आकडा एकशे ऐंशीवर जायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथंच राहायचा. संध्याकाळी पोर त्याच चुलीसमोर गृहपाठ करायचं. व्हरांड्यातल्या यंत्रावर तुझ्या सिगारेटीही दिसतात, पण त्या वेळी घरातला आकडा जागचा हललेला नाही. एकदाही नाही. तुझा धूर आत आलाच नव्हता. हे सगळं मी त्याच दिवशी वाचलं होतं. वाचणं हाच तर माझा धंदा. तुला सांगितलं असतं तर तू त्याला घेऊन गेली असतीस, म्हणून मी सरासरी सांगितली. दवाखान्यात तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. सगळे कागद सोबत पाठवतोय. माफी मागत नाही, तेवढं तोंड उरलेलं नाही. फक्त एमेटसमोर आता मान खाली घालू नकोस. ते माझ्यामुळे झालं.

तुझाच,
बाबा