हाताची घडी घालून मिळालेला दुसरा नंबर

प्रिय बाबा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तुम्ही ते न उघडताच ताईकडे सरकवलं असतं, म्हणून पत्ता ऑफिसच्या प्रिंटरवर छापून चिकटवला आहे. ही लबाडी आधीच कबूल करते, म्हणजे पुढच्या कबुल्यांची थोडी सवय होईल. आता उघडलंच आहे, तर चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्येच ठेवून देऊ नका, एवढीच विनंती.

माझं बरं चाललं आहे म्हणायचं. पाठ धरते, डोळे चुरचुरतात, आणि ऑफिसातल्या एसीचं पाणी गेले सहा महिने माझ्या टेबलाशेजारच्या बादलीत ठिबकतं आहे. बादली भरली की उठून ओतायची, हा माझा दिवसातला व्यायाम. कामाचं म्हणाल, तर ताईने तुम्हाला ‘कॉम्प्युटरवर बसायचं काम’ एवढंच सांगितलं आहे आणि ते काही खोटं नाही. मी बसते. समोर लोकांच्या तक्रारी येतात, एकेका पाळीत दीडदोनशे, आणि मी त्यांना उत्तरं देते. आम्ही अकरा जण आहोत. स्वतःच्या नावाने कुणी सही करायची नाही. मदतनीस एक, मदतनीस दोन असे आकडे दिलेले आहेत. लोक आम्हाला काय काय म्हणतात ते तुम्हाला लिहिता येणार नाही. पहिल्या महिन्यात मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचे. आता शिव्या वाचता वाचता सफरचंद खाते.

तक्रार बहुतेकांची एकच असते. गेम साधा आहे. चार अनोळखी माणसं एका नावेत, प्रत्येकाच्या हाती एक वल्हं, ढोलाच्या ठोक्यावर पडद्यावर बोट टेकवायचं आणि नाव पुढे काढायची. पण बोट इथे टेकतं आणि वल्हं तिथे अर्ध्या सेकंदाने हलतं. या उशिराला सगळे लॅग म्हणतात. मग पुढे गेलेली नाव गचकन मागे येते, डोळ्यांदेखत जिंकलेली शर्यत हरल्याचं दिसतं, आणि चौघं एकमेकांच्या नावाने खडे फोडतात. तिसऱ्या वल्ह्यावरचा झोपला होता, पहिल्या वल्ह्यावरचीचं नेट भिकार आहे, चौथ्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. खरी चूक कुणाची ते त्यांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कळत नाही. आम्ही लिहितो की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. तोंडाला पानं पुसायची ती अशी, आणि दिवसातून दोनशे वेळा पुसायची म्हटलं की संध्याकाळी घरी कुणाशी बोलायचंही त्राण उरत नाही.

गेम तुम्ही ओळखलाच असेल. तुमच्या टॅबमध्ये तो आधीपासूनच होता असं ताईने सांगितलं, ते खरं नाही. तो घालून दे असं मी तिला सांगितलं होतं. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, असं ती फोनवर म्हणायची. मी घरी आले की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचात. मला वाटलं, ठोका धरायचा खेळ आहे, एक्केचाळीस वर्षं ज्यांच्या कानाशी टिकटिक होती त्यांना जमेल. आणि स्वार्थही होता. माझ्याशी बोलत नसलात तरी मी जिथे बसते त्याच्या पलीकडच्या टोकाला कुठेतरी तुम्ही आहात, एवढ्याने मला बरं वाटलं असतं.

मग चौदा महिन्यांपूर्वी तुमची पहिली तक्रार आली. ती मदतनीस चारकडे गेली होती आणि तो ती मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवत होता. ‘महाशय, आपल्या गेममधील ठोका आणि वल्हे यांत आज सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, वीस फटक्यांच्या सरासरीने, शून्य पूर्णांक चार सेकंदांचा फरक आढळला.’ खाली स्टॉपवॉचने मोजलेल्या नोंदींचा तक्ता, आणि तक्त्याखाली ‘कळावे’. ते ‘कळावे’ ऐकूनच मी ओळखलं. मी चारला म्हटलं, हा माणूस यापुढे माझ्याकडे दे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं, असली तक्त्यांची ब्याद कुणी मागून घेतं का. त्या दिवसापासून तुम्हाला उत्तरं देणारा मदतनीस सात, बाबा, मी आहे.

आता तुम्ही पान खाली ठेवलं असेल. ठेवा थोडा वेळ.

राउटर बंद करून सुरू करा असं मी तुम्हाला एकदाही लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचे तक्ते मी खरोखर वाचायचे. बाकीचे लोक शिव्या देतात, तुम्ही मोजून देता, एवढाच काय तो फरक. पण मोजलेल्याला उत्तर देता येतं. सातव्या की आठव्या पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘वरील फरकांपैकी एक दशांश सेकंद माझ्या हाताचा आहे. उजवा हात थरथरतो. तेवढा दोष माझा, उरलेला आपला.’ ते वाचून मी उठले आणि अर्धीच भरलेली बादली ओतून आले. घरात तुम्ही कधी दिवा बदललात, कधी चिमटा बदललात, कधी म्हणालात हल्लीच्या घड्याळांचे स्क्रूच धड नसतात. हाताचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि आम्हीही काढलं नाही. आणि एका आकड्याला, ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलं नव्हतं, त्याला दोन ओळींत सरळ सांगून मोकळे झालात. मला तुमचा राग आला. खरंच आला.

नंतर कंपनीने ती ‘साथ’ आणली. लॅगला कंटाळून लोक गेम सोडून जायला लागले होते, तेव्हा डिझाइनवाल्यांनी डोकं चालवलं. ज्याचं बोट उशिरा पोचतं त्याचं वल्हं गेमने स्वतःच मारायचं, आणि पडद्यावर मात्र त्यानेच मारलं असं दाखवायचं. कुणाला सांगायचं नाही. तक्रारी निम्म्यावर आल्या. ऑफिसात केक कापला, आम्हालाही तुकडा मिळाला. लाखांनी माणसं खेळतात, पण एकाही माणसाला संशय आला नाही. फक्त तुम्हाला आला. तुम्ही मुद्दाम हाताची घडी घालून बसलात, चाळीस ठोके जाऊ दिलेत, आणि मला लिहिलंत, ‘नाव दुसरी आली. आपल्या गेमने मला शाब्बास म्हटले. महाशय, मला हरायचे असेल तर हरू द्या, पण माझ्या हातातले वल्हे मला न विचारता काढून घेऊ नका.’

मी त्या पत्राला नऊ दिवस उत्तर दिलं नाही. उशीर का झाला म्हणून तुम्ही आणखी एक तक्रार केलीत, आणि मी काहीतरी गुळमुळीत कारण दिलं. कारण हे होतं.

आपलं दुकान चालू होतं तेव्हा काउंटरवर मी बसायचे. घड्याळ घ्यायचं, पावती द्यायची, दुरुस्त झालं की परत करायचं. पहिलं घड्याळ परत आलं ते डॉक्टरीणबाईंचं, दोन दिवसांत बंद पडलं म्हणून. मग शाळेच्या शिपायाचं. लोक तुमच्या मागे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, आता वय झालं हो त्यांचं, असं. मला ते ऐकवेना. मी तुम्हाला न सांगता तुमच्या हातची घड्याळं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून पुलापलीकडच्या घड्याळजीकडे न्यायला लागले. तो उघडून नीट करायचा, मी आणून गिऱ्हाइकाला द्यायचे, आणि गिऱ्हाईक तुम्हाला सांगायचं की काय हात आहे तुमचा, अजून तसाच आहे. तुम्ही खूश व्हायचात. त्या वर्षात तुम्ही शीळ घालायला लागला होता, आठवतं? अशी एकोणीस घड्याळं, बाबा. तुमची अब्रू झाकते आहे असं मला मनापासून वाटत होतं.

घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत आपली बारीक खूण आणि तारीख कोरायची, ही तुम्हा लोकांची पद्धत. तुमचा त्रिकोण. पलीकडच्याला मी बजावलं होतं की खूण करू नकोस, आणि त्याने कबूलही केलं होतं. पण हाताची सवय ती, एकदा चुकून त्याने केलीच. निवृत्त मुख्याध्यापक पट्टा बदलायला आले, तुम्ही जाता जाता झाकण उघडून पाहिलंत. तुमचा त्रिकोण होता आणि त्याच्या खाली आठ दिवसांनंतरच्या तारखेची दुसऱ्याची खूण. मी समोरच होते. तुम्ही झाकण लावलंत, किल्ली दिलीत, पट्टा बसवून घड्याळ त्यांच्या हातात दिलंत, नमस्कार केलात. मग माझ्याकडे न बघता शटर ओढलंत. सव्वाचार वाजले होते. तुम्ही आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द बोलले असते आणि आपण भांडून मोकळे झालो असतो. ते शटर पुन्हा उघडलं नाही आणि तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, त्याला तीन वर्षं झाली.

‘साथ’वरचं तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं. जे तुम्हाला माझ्या तोंडावर म्हणायचं होतं ते तुम्ही एका गेमला म्हणालात, आणि पोचलं ते मलाच. मी डिझाइनवाल्यांच्या मागे लागले. तीन मीटिंगांत त्यांचं डोकं खाल्लं. ते म्हणाले, अहो, माणसांना खरं नको असतं, जिंकायचं असतं. मी म्हटलं, एक माणूस आहे ज्याला खरं हवं आहे. शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून त्यांनी ‘साथ’ बंद करायचं एक बटण दिलं, तेही सेटिंगच्या पाचव्या पानावर, कुणाला सापडू नये असं. मी तुम्हाला ते कुठे आहे ते लिहिलं. मग तुम्ही लागोपाठ सव्वीस शर्यती हरलात. नावेतल्या लोकांनी तुम्हाला नको नको ते बोलून घेतलं, ते माझ्याकडे सगळं दिसतं. मला वाटलं, आता हा माणूस गेम सोडणार. त्यानंतर तुमचं ते एवढंसं पत्र आलं, ‘महाशय, आज सहा नावांत पाचवा आलो. तक्रार नाही. आपल्याकडे निदान एक माणूस वाचतो, हे समजल्याने बरे वाटते.’

ते वाचून मी सही करणार होते. आकडा खोडून स्वतःचं नाव लिहिणार होते. धीर झाला नाही. मी पुन्हा तेच केलं होतं ना, तुमच्या नकळत तुमच्या पाठीशी उभी राहिले होते, आणि तेही आकड्याच्या आड लपून. तुम्ही तक्ते पाठवत राहिलात, मी उत्तरं देत राहिले. तुमची तब्येत, तुमचा हात, ताईशी झालेली तुमची धुसफूस, सगळं मला मदतनीस सात म्हणून कळत होतं. सोपं होतं ते. असंच चालू राहिलं असतं तर मी आणखी चार वर्षंही बोलले नसते.

पण येत्या एक तारखेपासून आमच्या अकरा टेबलांवर कुणी बसणार नाही. उत्तरं एक प्रोग्राम देणार आहे. दोघांना त्याच्यावर देखरेख ठेवायला ठेवलं आहे, मी त्या दोघांत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, इतकी मी दमले आहे. परवा टीमच्या बाईंनी कौतुकाने नमुना दाखवला. माझी चौदा महिन्यांची उत्तरं त्या प्रोग्रामला शिकवली आहेत, आणि तुमच्याच एका जुन्या तक्रारीवर त्याने उत्तर लिहिलं होतं. तुमच्या तक्त्याबद्दल आदराने बोलला होता, हाताची चौकशी केली होती, खाली सही मदतनीस सात. क्षणभर मलाच वाटलं की हे मी लिहिलं आहे. तुम्हाला कधीच कळलं नसतं. कुणीतरी वाचतं आहे अशा समजुतीत तुम्ही वर्षानुवर्षं मोजून मोजून लिहीत राहिला असतात, आणि तिथे कुणीच नसतं. मी बाईंना म्हटलं, लोकांना निदान सांगा. त्या म्हणाल्या, कशाला, कुणाचं काय बिघडतं? बाबा, हे वाक्य मी स्वतःशी एकोणीस वेळा म्हटलं आहे. म्हणून या वेळी आधी सांगते आहे. एक तारखेनंतर येणारी उत्तरं माझी नाहीत. गेम खेळायचा तर खेळा, सोडायचा तर सोडा, ते तुमच्या हातात. माझा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. साऱ्या जगाच्या चुका तुम्ही मला तारीखवार लिहून पाठवल्यात, पण माझ्याविरुद्धची तुमची तक्रार तीन वर्षांत एकदाही लिहिली नाहीत. ती लिहा. कितीही लांब असू द्या, कितीही कडू असू द्या. मी वाचेन.

तुमचीच,
धाकटी