आईनं चाखलेली वाइन

सिंदेवाही,
८ डिसेंबर २०२४

प्रिय भाऊ,

नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची हाताला सवय आहे. आता 'आम्ही' म्हणजे मी एकटीच. धान निघालं, चुरणं होऊन पोती घरात आली. तुमच्याकडे डोंगरात बर्फ पडला असेल.

परवा आईची तेरवी झाली. अग्नी मीच दिला, ते शेजारच्या विक्कीनं धरलेल्या फोनमधून तुला दिसलंच असेल. चार माणसं कुजबुजली, मग गप्प झाली. त्या दिवशी तू मला एक प्रश्न विचारलास. त्याचं उत्तर पुढे देते. आधी तुझ्या वाइनचं सांगते.

दिवाळीत विक्की तिकडून सुट्टीवर आला, तो तुझी बाटली घेऊनच. कपड्यांच्या घड्यांत गुंडाळलेली, वर '२०१४' लिहिलेली. सोबत तुझी चिठ्ठी. दोन दिवस उभी ठेवायची म्हणजे गाळ खाली बसतो, सकाळी उघडून ठेवायची, दुपारनंतर चाखायची. यात द्राक्षाशिवाय काही घातलेलं नाही, गाळलेलीही नाही. तिथल्या द्राक्षमळ्यातलं माझं पहिलं वर्ष, ही द्राक्षं मी स्वतः पायानं तुडवली, असं लिहिलं होतंस. मी ती बाटली कणगीमागे लपवली.

तुला माहीतच आहे, बाबा दारूनं गेले तेव्हापासून आईनं या गावात भट्टी टिकू दिली नाही. २०२१ साली जिल्ह्यातली बंदी उठली त्या दिवशी ती जेवली नव्हती. आणि त्याच महिन्यात कुणीतरी तिला फोनवर तुझा व्हिडिओ दाखवला, लाकडी पिंपांच्या मध्ये उभा राहून तू पेला हुंगतोस असा. तू तिकडे हॉटेलात स्वयंपाक करतोस, असंच तिला वाटत होतं. "दारूवाला पोरगा मले नाई पायजे," हे ती तुला फोनवर बोलली, ते मी शेजारी उभी राहून ऐकलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटातली गाठ पसरली आहे, घरी न्या, मागेल ते द्या. ती काही मागत नव्हती. दोन घास पेजेचे, तेही परत यायचे. मग एका सकाळी म्हणाली, "दिव्यानी, कणगीमागं काय ठेवलं तू?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं, फेकून दे म्हणेल. 

"त्यानं बनवलं?"

"हो."

"उघड."

आपल्याकडे बूच काढायचं यंत्र कुठलं. चाकूनं टोकरलं तर अर्धं बूच आत पडलं. दुधाच्या गाळणीतून वाइन भांड्यात ओतली. आधी घाणेरडाच वास आला, ओल्या पोत्यासारखा. मला वाटलं, नासली. तासाभरानं तो गेला. चार वाजता आई म्हणाली, "दार लाव. लोकं पाह्यतीन." मी तिला उशी लावून बसवलं आणि चहाच्या काचेच्या पेल्यात दोन बोटं वाइन दिली.

रंग लाल नव्हता रे. जुन्या विटेसारखा, कडेला पिवळट. आईनं पेला नाकाशी नेला. मोहाच्या दारूचा वास तिला शंभर पावलांवरून कळायचा. तोच शोधत असावी.

"मोहासारकी नाई," म्हणाली. "वाळल्या गुलाबाचा वास हाय. आन् चामड्याचा." मग चमच्यानं घेतली. तोंडात धरून ठेवली. चेहरा आक्रसला. "कच्च्या टेंभरासारकी जीभ धरते." मी पाणी पुढे केलं तर तिनं हात वर केला. "थांब. मांगून गोड लागते." तिनं तीन चमचे घेतले. सगळं उलटणाऱ्या पोटानं ते ठेवले. मीही घेतली. मला नुसती आंबट लागली.

मग ती म्हणाली, "मेहनतीचं काम हाय हे. मी पोराले उगीच बोलली. फोन लाव त्याले."

भाऊ, मी फोन लावला नाही.

"आता त्याची कामाची वेळ आहे, उद्या लावू," असं मी तिला म्हणाले. "बरं, उद्या याद करून देजो," एवढं बोलून ती झोपली. पहाटे तिची शुद्ध गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी संपलं. तू विचारलंस, आई शेवटी काही बोलली का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.

आणखीही आहे. तू दर रविवारी मला फोन करून म्हणायचास, आईला दे. मी सांगायचे, ती बोलत नाही म्हणते. पहिले सहा महिने ते खरं होतं. नंतर तीच विचारायला लागली, "त्याचा फोन येते का?" मी नाही म्हणायचे. सप्टेंबरात तू विचारलंस, येऊ का. तिला तुझं तोंड बघायचं नाही, हे माझे शब्द होते. तिला मी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी फोन लावला असता तर पहिल्या दोन वाक्यांत तुम्हा दोघांना सगळं कळलं असतं. मला त्याची भीती वाटली.

का केलं, हे मी पंधरा दिवस स्वतःला विचारते आहे. शाळेतली नोकरी सोडून मी तिच्यासाठी घरी बसले, ठरलेलं लग्न मोडलं. ती भात माझ्या हातचा खायची आणि वाट तुझी बघायची. तुम्ही बोलायला लागला असता तर ती पुन्हा तुझीच झाली असती. मला ती थोडे दिवस माझी एकटीची हवी होती. याहून चांगलं कारण मला सापडत नाही.

हे फोनवर सांगायला तीनदा नंबर काढला. तुझा आवाज ऐकून मी पुन्हा खोटंच बोलले असते.

तू रागाव. लिहू नये वाटलं तर लिहू नकोस. फक्त आई तुझ्यावर रागावून गेली, असं यापुढे कधी मनात आणू नकोस.

या पत्राखाली 'तुझी बहीण' लिहायचा हक्क मला उरला की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहिते.

दिव्यानी