रस्त्याकडच्या तीन ओळी

१४ जुलै
सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, यंदाचं सोयाबीन अखेर माझ्या हवाली केलं. अट एकच. पीक राखलं तर शेत कायम माझ्याकडे, नाहीतर मी शेळ्यांकडे. घरजावयावर एवढा विश्वास अख्ख्या केज तालुक्यात कुणी टाकला नसेल. संकल्प: शास्त्रशुद्ध शेती. शिवाय त्या शेतीचे रील्स.

२२ जुलै
काही शेंडे माना टाकतायत. आबा म्हणाले, चक्रीभुंगा हाय, देठावर दोन कड्या बघा, सुकलेले शेंडे आजच तोडून जाळा. एवढं वाकायचं म्हणजे माझी कंबर. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उन्हाचा परिणाम' असं डिक्लेअर केलं. बरेच अंगठे आले.

२६ जुलै
भुंगाच निघाला. मी तेच म्हणणार होतो. बायकोने, ऋतुजाने, निंबोळ्या कुटून भिजत घातल्या. म्हणाली, गाळून घ्या आन् सांजच्याला फवारा, उन्हात अर्काचा जोर जातो. हिला शूटिंगमधलं काही कळत नाही.

२७ जुलै, भर दुपार
लाईट झकास. मोबाईल मेहुण्याच्या, अंगदच्या हातात. पहिल्या टेकला गॉगल विसरलो. दुसऱ्याला नोझल चोंदलं. (गाळणं व्हिडिओत दिसत नाही, म्हणून टाळलं होतं.) तिसऱ्याला म्हैस आडवी. सगळे टेक रस्त्याकडच्या तीन ओळींवरच, कारण मागे शेजारच्या अमरसिंहांचा नवा ट्रॅक्टर दिसतो. अर्क संपला. उरलेलं शेत उद्या.

५ ऑगस्ट
एडिटिंगमध्ये उद्या राहून गेला. आता रासायनिक औषध. दुकानदार म्हणाला, अळी खोडात शिरली आसंल तर लई उपयोग न्हाई. निगेटिव्ह माणूस. पार्ट टू त्याच ओळींवर. मास्क लावला तर चेहरा कसा दिसणार? रात्रभर मळमळ. औषधही संपलं.

२३ ऑगस्ट
आबा शेतावर. रस्त्याकडच्या ओळी बघून म्हणाले, वा जावईबापू! मी म्हटलं, चला, चहा घेऊ. ते आत शिरले. आतली झाडं हात लावला की मोडत होती. आबांनी एक खोड उभं चिरलं आणि आतली अळी माझ्या तळहातावर ठेवली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.
ऋतुजा म्हणाली, तुमच्यासाठी आबांशी मी भांडले होते. फार वाईट वाटलं. खरंच वाटलं.
शेवटी आबा म्हणाले, ह्या तीन ओळींचं बी घरात आलं, तर पुढच्या साली बघू. तवर शेळ्या.

२५ ऑगस्ट
शेळ्यांचा पहिला दिवस. खचणारा माणूस मी नव्हे. संकल्प: शेळीपालनाचं चॅनेल. मोबाईल सोयाबीनच्या बांधावर टेकवला, शेळ्यांकडे पाठ केली आणि स्वतःची ओळख करून दिली. जरा लांबली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
व्हिडिओ पाहिला. माझी ओळख संपेपर्यंत पाठीमागे शेळ्यांनी तिन्ही ओळी संपवल्या आहेत. सगळं स्पष्ट दिसतं, अँगल चांगला लागला होता.
ऋतुजाने तो आबांना दाखवला. माझा एखादा व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत बघितला, असं पहिल्यांदाच झालं.