एकादशीची कॅसेट

करावे गाव, नवी मुंबई
१० जुलै २०२५

ति. सत्यभामाआत्या हिस,
जागृतीचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, पप्पा बरे आहेत. दर महिन्याला पोयनाडला जाणारं त्यांचं पत्र आजारपणात चुकलं, तेव्हा आता ते मी लिहायचं असं आईने ठरवून टाकलं. फोनवर तू रडतेस, मग मीही रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. त्यापेक्षा हे बरं.

एप्रिलमधल्या अर्धांगाच्या झटक्यातून पाय सावरलाय. काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात, डाव्या हाताने जेवतात. वाचा मात्र अडकली ती अडकलीच. एकच शब्द येतो, 'तेच'. चहा हवा असला तरी तेच, नको असला तरी तेच. समजतं सगळं. आपण चुकीचं ओळखलं की काठी आपटतात. बोलणं शिकवायला मनाली मॅडम घरी येतात, त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे फार कठीण. आत्या, पप्पा यापुढे कधीच बोलले नाहीत तर काय करायचं, मला काही सुचत नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही.

इतकी वर्षं गावच्या भजनी मंडळाचा आवाज म्हणजे पप्पाच, त्यामुळे भजनानेच त्यांची वाचा परत येणार अशी सगळ्यांची खात्री. पेटीवाले नंदकुमारकाका दर गुरुवारी अख्खं मंडळ घेऊन येतात. हॉलमध्ये मावत नाहीत, निम्मे जिन्यात बसतात. पण टाळ वाजायला लागले की पप्पा भिंतीकडे तोंड करतात. मागच्या गुरुवारी तर त्यांनी आपले टाळ काकांच्या अंगावर फेकले. काकांनी ते टाळ उचलून कपाळाला लावले आणि भजन पुढे सुरू केलं.

आता एक आशा आहे. माळ्यावर आईला पप्पांच्या जुन्या कॅसेट सापडल्या, वर त्यांच्याच अक्षरात 'एकादशीचे भजन' असं लिहिलेलं. तरुणपणी कुणीतरी त्यांचं गाणं भरून घेतलं असणार, असं काका म्हणतात. स्वतःचाच आवाज कानावर पडला की गाठ सुटेल. काकांकडे जुना टेप आहे. येत्या एकादशीला सगळ्यांसमक्ष लावायच्या असं ठरलंय.

पांढऱ्या कांद्याची माळ पोचली. तुझी माया अशीच पाठवत राहा, कांद्यांसोबत किंवा कांद्यांशिवाय.

तुझी,
जागृती

*

पोयनाड
१७ जुलै २०२५

चि. जागृती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि भातलावणीच्या बायकांना चहा द्यायचा सोडून लिहायला बसले. आधी महत्त्वाचं. त्या कॅसेट चार माणसांत लावू नकोस गं बाई! दार लावून घे, एकटीने ऐक, मग काय ते ठरव.

फोन केला असता, पण माझा फोन लावणीच्या चिखलात पडला तो परवापासून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. शेजारणीच्या फोनवरून असलं काही बोलायची सोय नाही, ती दारात उभी राहून ऐकते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पोयनाडला कळतं. वरचे कागद भजनाचे असले तरी आत भजन नाही, एवढंच सांगते. ते कागद चिकटवायला डिंक मीच दिला होता. नंदकुमार साधा माणूस आहे, त्याला ते झेपायचं नाही.

बाकी, कमळूने टाळ फेकले हे वाचून मला बरंच वाटलं. फेकायला जोर लागतो. आईला सांभाळ, स्वतः वेळेवर जेव. म्हातारीचा जीव तुमच्यात अडकलेला आहे, तो तसाच अडकलेला बरा.

तुझी आत्या,
सत्यभामा

*

करावे गाव
२४ जुलै २०२५

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. एकादशी सोमवारी झाली. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलंय.

काकांनी टेपचं हेड अत्तराच्या बोळ्याने पुसलं होतं. आईने टेपला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. हॉल भरला, जिना भरला, खाली चपलांचा ढीग. पप्पा खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेले. काकांनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले आणि बटण दाबलं.

आधी थोडी खरखर झाली. मग ढोल कोसळले. तबला नाही, ढोलकी नाही, घरावर ट्रकमधून खडी ओतावी तसे ढोल. त्यावर गिटार किंचाळायला लागली आणि एक माणूस इतक्या वरच्या पट्टीत चढून इंग्रजीत ओरडला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. हात सगळ्यांचे जोडलेलेच राहिले. आईने कपाळावर हात मारून घेतला. ही मागची बाजू असेल, भजन पुढच्या बाजूला असेल, असं काका म्हणायला लागले आणि टेप बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

तो हात पप्पांनी धरला. डाव्या हाताने, घट्ट. मग मान वर केली, डोळे मिटले, आणि आत्या, पप्पा गायले. गुणगुणले नाहीत, गायले. टेपमधल्या माणसासोबत, त्याच्याच पट्टीत, एका श्वासाची चूक न करता. शब्द इंग्रजी, निम्मे मनचेच घातलेले, पण शब्द! ज्या तोंडातून 'पाणी' येत नाही त्या तोंडातून ओळीमागून ओळ येत होती. धृपदाला तर त्यांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला.

गाणं संपलं तेव्हा काका रडत होते. मग ते उठले, जमलेल्या सगळ्यांकडे बघून म्हणाले की हे काय हाय ते मना कललं नाय, पन देव आला होता. आणि पेटी न उघडताच मंडळाला घेऊन खाली उतरले.

रात्री जेवताना पप्पांनी भाताकडे बोट दाखवून तेच म्हटलं. तेव्हा हुरळून जायला नको, हे मला कळतं. पण काहीतरी आत जिवंत आहे. मी कॅसेटवरचा कागद ओला करून सोडवला. खाली चार पुरुष, केस नांगरलेल्या शेतासारखे उभे, ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, अंगात वाघाच्या पट्ट्यांच्या विजारी. नेटवर शोधलं तर ऐंशीच्या दशकातल्या या प्रकाराला ग्लॅम मेटल म्हणतात. माझे पप्पा! एकादशीला पाणीसुद्धा न पिणारे! तुला ठाऊक आहे ते सगळं लिही, डिंकापासून सगळं. लोभ ठेव आणि या वेळी लवकर ठेव.

तुझी,
जागृती

*

पोयनाड
३० जुलै २०२५

चि. जागृती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा अंगावर काटा आला. तुझ्या आजोबांच्या तसबिरीसमोर ते मोठ्याने वाचून दाखवावं असंही एकदा मनात आलं.

तर ऐक. न्हावा शेवाचं बंदर नुकतं चालू झालं होतं. कमळू बोटींना भाजीपाला पोचवणाऱ्या लाँचवर लागला. एका बोटीवरच्या आचाऱ्याला आपले सुके बोंबील फार आवडले. बोंबलांच्या बदल्यात त्याने दिल्या त्या या कॅसेट. कव्हरवरची माणसं पुरुष आहेत हे माझ्या गळी उतरवायला कमळूला आठवडा लागला. आईआप्पा शेतावर गेले की आम्ही दोघं टेपला कान लावून बसायचो. मला एक अक्षर कळत नव्हतं, त्यालाही नव्हतं. पण ते गाणं असं काही छातीत शिरायचं की सगळ्या जगाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटायचं. असलं ऐकणं म्हणजे वाया जाणं, अशी तेव्हा समजूत. म्हणून आणखीच गोड लागायचं.

कमळूने केस खांद्यापर्यंत वाढवले. माझ्या चकचकीत परकराची मी त्याला विजार शिवून दिली, काजळही मीच घातलं. शिमग्याला बेंजोवाल्यांबरोबर तो होळीसमोर उभा राहून असा गायला, असा गायला, की पोरं वेडी झाली. म्हातारी माणसं हसली, कुणी बायल्या म्हणालं. आप्पांनी मारलं नाही की शिवी दिली नाही. सकाळी हाताला धरून न्हाव्याकडे नेऊन केस उतरवले आणि संध्याकाळी भजनात बसवलं. नंदकुमारला यातलं काही ठाऊक नाही, तो तेव्हा गावात राहायला आला नव्हता, आणि बाकीच्यांनी ते शिमग्याचं सोंग म्हणून सोडून दिलं.

पण भजन त्याने ढोंग म्हणून केलं, असं समजू नकोस हं. ते त्याला मनापासून आवडलं. फक्त दुसरंही आवडत राहिलं, आणि दोन्ही एका घरात मावत नाही असं त्याला वाटलं. म्हणून कागद चिकटवले. मग टाळ का फेकतो, हे तू विचारशील. भजनात त्याचा मान होता. जिथे आपण पुढे गायलो तिथे मुकं बसायचं कुणाला आवडेल? या गाण्यात त्याने चुकू नये अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती कधी.

तुझ्या मॅडमना हे सगळं सांग, लाजू नकोस. माझ्या वाटणीचा नमस्कार त्या टेपलाही कर. आशीर्वाद आहेतच, ते कमी पडले तर आणखी मागून घे.

तुझी आत्या,
सत्यभामा

*

करावे गाव
२० ऑगस्ट २०२५

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. बोलणं मेंदूच्या ज्या बाजूला असतं ती पप्पांची दुखावली आहे, गाण्याचा बराचसा भाग दुसरीकडे असतो आणि तो शाबूत आहे, असं त्या म्हणाल्या. म्हणून गाण्याच्या पाठीवर बसवून शब्द बाहेर आणायचे. ओळखीच्या चालीत छोटी वाक्यं घालायची आणि त्यांचा डावा हात धरून ताल देत म्हणायची. गेले दोन आठवडे आमच्या घरी हेच चाललंय. पाणी दे, खिडकी उघड, मीठ कमी झालंय, सगळं त्या वाघाच्या विजारवाल्यांच्या चालीत. खाली भाजीवाला थांबून ऐकतो.

माझी गंमत सांगते, कुणाला बोलू नकोस. मला हे गाणं आवडायला लागलंय. अर्थ म्हणशील तर शून्य, रात्र, गाडी, ओठ आणि पुन्हा रात्र. ऑफिसात सगळे निवडक, भारदस्त काहीतरी ऐकतात. मी महापेच्या बसमध्ये फोनची स्क्रीन मांडीवर पालथी घालून हे ऐकते. त्यात अजिबात लाज नाही, आत्या. एवढं मोठं, एवढं चकचकीत, एवढ्या जोरात कुणी कसं असू शकतं, असं वाटत राहतं. तू परकर का फाडलास ते आता समजलं.

पण पत्र लिहायला बसले ते परवासाठी. चाल घेतली की पप्पा पाणी मागत होते, पण ते आम्ही शिकवलेलं. स्वतःचं असं काही येत नव्हतं. परवा संध्याकाळी आई त्यांच्या पायाला तेल लावत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. कॅसेटच्या शेवटी एक संथ गाणं आहे. टेप बंद होता. पप्पांनी आपणहून ती चाल धरली. आधी नुसताच सूर. मग आईचा हात धरून, त्यावर ताल देत, अडखळत, एकेक अक्षर उचलून, ते गायले की मना भ्या वाटतं.

आम्ही हे शिकवलं नव्हतं. मना भ्या वाटतं. तीनदा. आत्या, इतके महिने आम्ही त्यांना चिडके म्हणत होतो. काठी आपटली की राग, भिंतीकडे तोंड केलं की राग. तो राग नव्हताच गं. एवढा मोठा माणूस इतके दिवस एकटा घाबरलेला होता, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

मी नुसतीच रडत उभी राहिले. आईला तू ओळखतेस, ती कधी कुणासमोर गायलेली नाही, लग्नाच्या हळदीलाही बायका धवले गाताना तिने तोंड उघडलं नाही. तिने तेलाचा हात तसाच पप्पांच्या छातीवर ठेवला आणि त्याच चालीत, सूर सगळा चुकवत, उत्तर दिलं की मी हाय.

तू गणपतीला येच. तुझ्या वाट्याची माया या वेळी पत्रातून पाठवू नकोस, ती घेऊन स्वतः ये. इथे आता सगळे गातात.

तुझी,
जागृती